दादोबांचें व्याकरण आणि दप्तरांतील वाक्य

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें महाराष्ट्र भाषेचें व्याकरण इ. स. १८३६ मध्यें छापून निघालें. त्याचा गुणदोषविचार पुष्कळ झाला आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांचे व्याकरणावरील निबंध आणि मोरो केशव दामले यांचें १९११ चें 'शास्त्रीय मराठी व्याकरण' सर्वांस विदित आहेत. आम्हांस येथें निराळा प्रश्न विचारावयाचा आहे : इंग्रजी वळणाच्या या व्याकरणसंस्कारानें जुने कागद वाचणारास साहाय्य किती व अडथळा किती ?

दादोबांपुढें लिंडले मरे याच्या इंग्रजी व्याकरणाचा (१७९५) नमुना होता. मरे शब्दांच्या नऊ जाती मानतो. त्यांतील 'आर्टिकल' मराठींत नाहीं. तें वगळलें म्हणजे नामापासून केवलप्रयोगी अव्ययापर्यंतच्या आपल्या परिचित आठ जाती उरतात. परंतु हें निव्वळ भाषांतर नव्हे. इंग्रजींत संबंध दाखविणारा शब्द नामाच्या अगोदर येतो, मराठींत तो नामास मागून जोडला जातो : 'किल्ल्यावर', 'देवळापुढें'. 'शब्दयोगी' ही संज्ञा स्थानाचा नव्हे, योगाचा निर्देश करिते. भाषेची नाडी ओळखल्याची ही खूण होय.

अडथळा येतो तो वाक्याच्या घटनेंत. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर चिमाजीअप्पांनीं ओझरच्या विघ्नेश्वराचा कळस सोन्यानें मढविला, अशी परंपरा आहे. तोच प्रसंग उदाहरणास घेऊं. 'अप्पांनीं वसई घेतली', 'अप्पांनीं किल्ला घेतला' : कर्ता एकच, क्रियापद मात्र कर्माप्रमाणें फिरलें. 'अप्पांनीं फिरंग्यांस जिंकिलें' येथें तें दोघांचेंही ऐकत नाहीं. क्रियापद कर्त्यास अनुसरतें, हा इंग्रजी पाठांतील आरंभींचा नियम येथें निरुपयोगी ठरतो. संस्कृतांतून आलेला प्रयोगविचारच कामास येतो.

हा भेद केवळ शाळेपुरता नाहीं. कागद फाटून 'घेतली' एवढेंच शिल्लक राहिलें, तर घेणारी स्त्री होती असें अनुमान करणारा फसेल. तें क्रियापद घेणाराविषयीं मूक आहे; घेतलेली वस्तु स्त्रीलिंगी एकवचनी होती, एवढेंच तें सुचवितें. मोडींत अनुस्वार पुष्कळदां गळतो, म्हणून मूळ 'घेतलीं', म्हणजे नपुंसकलिंगी अनेकवचन, असण्याचाही संभव सोडतां येत नाहीं.

दुसरी अडचण विरामचिन्हांची. तीं इंग्रजीच्या संसर्गानें मराठींत आलीं व त्यांच्या प्रसारांत मेजर टॉमस कँडी यांचा वांटा मोठा आहे. जुन्या मोडी पत्रांत चिन्हें नाहींत, शब्दही सुटे लिहीत नसत. समजा, पत्रांत असा मजकूर आहे : 'स्वार ओझराहून निघाले रात्री जुन्नरास पोहोंचले'. पूर्णविराम 'निघाले' पुढें दिला तर रात्र पोहोंचण्याची. 'रात्री' पुढें दिला तर निघण्याची. मराठी वाक्य बहुधा क्रियापदावर संपतें, म्हणून पहिलें वाचन सरळ दिसतें. परंतु बोलण्याच्या ओघांत लिहिलेल्या पत्रांत क्रियापदामागून शब्द येतात, हेंही आपण नित्य पाहतों. संपादकाच्या एका टिंबानें स्वारीचें वेळापत्रक बदलतें, आणि छापील प्रत हातीं आलेल्या वाचकास त्याचा सुगावाही लागत नाहीं.

म्हणून आमचा अभिप्राय असा कीं, दादोबांची परिभाषा टाकण्याचें कारण नाहीं. शब्द ओळखण्यास ती आजही उत्तम साधन आहे. वाक्य तोडतांना मात्र प्रयोग प्रथम पाहावा, मग कर्ता शोधावा. संपादकानें आपलीं विरामचिन्हें चौकटी कंसांत द्यावींत, संशयाच्या जागीं दोन्ही वाचनें नोंदावींत, आणि संग्राहकांनीं छापील प्रत निघाली म्हणून मूळ कागदाची हेळसांड करूं नये. पुढील वाचकास निराळा विराम सुचला, तर त्याचा निवाडा त्या कागदावरच व्हावयाचा आहे.