पानिपतच्या वाङ्मयात पानिपत कोठे आहे?

पानिपतच्या संग्रामाविषयी मराठीत जेवढे लिहिले गेले तेवढे दुसऱ्या कोणत्याही पराभवाविषयी लिहिले गेले नसेल. बखरी झाल्या, पोवाडे झाले, नाटके झाली. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागद पंचेचाळीस खंडांत प्रसिद्ध केले, त्यांतही या मोहिमेची पत्रे मुबलक आहेत. तरीही हे सर्व वाङ्मय एकत्र ठेवून पाहिले असता एक उणीव जाणवल्यावाचून राहत नाही. या वाङ्मयात पानिपतची लढाई आहे, पण पानिपतचा मुलूख नाही. ज्या भूमीवर दोन प्रचंड सैन्ये अडीच महिने समोरासमोर बसली, त्या भूमीत कोण नांगरत होते, काय पिकत होते आणि ते कोणाच्या घरी जात होते, हे आमच्या लेखकांनी फारसे विचारलेलेच नाही.

आता कोणी म्हणेल की, बखरकाराकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. ते आम्हांसही मान्य आहे. ‘भाऊसाहेबांची बखर’ ज्या हेतूने लिहिली गेली तो हेतू थोरांच्या कर्तृत्वाचे आणि दैवगतीचे वर्णन करण्याचा होता, आणि तो तिने अपूर्व रीतीने साधला. तिचे गद्य आजही मराठी भाषेचे भूषण आहे. परंतु तिच्यातील दुष्काळ हा छावणीतील दुष्काळ आहे. धान्य महाग झाले, मिळेनासे झाले, माणसे व जनावरे मरू लागली, एवढे कळते. धान्य का मिळेनासे झाले याचे उत्तर शत्रूने वाटा रोखल्या एवढेच मिळते. ते खरे आहे, पण अपुरे आहे.

त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचा ‘पानिपत १७६१’ हा ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९४६ साली प्रथम इंग्रजीत काढला. शेजवलकरांनी भूगोल मनावर घेतला; नदी, वाटा, उतार, मुक्काम यांचा विचार केल्यावाचून लढाई समजत नाही, हे त्यांनी मराठी वाचकास शिकविले. गोलाच्या लढाईविषयीची त्यांची मीमांसा याच दृष्टीचे फळ आहे. मात्र त्यांचा मुख्य प्रश्न राजकीय होता: मराठे उत्तरेत कोणत्या अधिकाराने आले आणि कोणासाठी लढले? त्या प्रश्नापुढे रयत मागे राहिली. विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ ही कादंबरी १९८८ साली आली आणि तिने हा विषय घरोघरी नेला. भाऊसाहेबांवरील जुना कलंक पुसण्याचे काम तिने जिद्दीने केले. पण इतिहासकाराला जे कागदावाचून बोलता येत नाही ते कादंबरीकाराला बोलता येते. तेव्हा त्या मोकळीकीचा लाभ पानिपत परगण्यातील एखाद्या जाट वा त्यागी शेतकऱ्यास मिळावयास हवा होता. तिची नजर प्रामुख्याने डेऱ्यांवर आणि सेनानींवर खिळलेली राहते.

ही उणीव केवळ सहानुभूतीची नव्हे. मुलूख वगळला की लढाईही अर्धवट कळते. साधा पिकांचा हिशेब घ्या. १७ ऑक्टोबर १७६० रोजी कुंजपुरा पडला. महिनाअखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला. नोव्हेंबरपासून दोन्ही छावण्या पानिपतच्या परिसरात रुतल्या. खरिपाची ज्वारी-बाजरी तेव्हा नुकतीच निघालेली असते. रब्बीचा गहू-हरभरा ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरतात आणि तो कापणीस येतो एप्रिलमध्ये. म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजी, पौषात, जेथे पेरणी झाली असेल तेथे गहू हिरवा उभा होता. खाण्याजोगा दाणा शेतात नव्हताच. जे होते ते खेड्यांतील कणग्यांत, आणि त्यात पुढच्या साली पेरावयाचे बीही आले. आमच्या पत्रांतून ज्यास ‘रसद’ म्हटले आहे ती कोणाच्या तरी घरातील पुढच्या कापणीपर्यंतची भाकर होती.

दुसरी गोष्ट पाण्याची. शहाजहानच्या काळी अली मर्दान खानाने जुन्या फिरोजशाही कालव्याचे पाणी दिल्लीपर्यंत आणले. कर्नाल-पानिपतचा पट्टा याच कालव्याच्या वाटेवरचा. अठराव्या शतकाच्या मध्यास बादशाही खचली, देखभाल थांबली आणि कालवा कोरडा पडला. इंग्रजांनी तो १८२० च्या सुमारास पुन्हा वाहता केला. भाऊसाहेब ज्या मुलखात अडकले तो असा आधीच आटलेला मुलूख होता. अब्दालीच्या पाठीशी अंतर्वेद व रोहिलखंड होते. म्हणूनच गोविंदपंत बुंदेले यांना अंतर्वेदीत त्याची रसद तोडण्याचे काम सांगितले गेले, आणि डिसेंबर १७६० मध्ये ते मारले गेल्यावर ती आशा संपली. उलट आपल्या छावणीस पतियाळाच्या आलासिंगाकडून धान्य आले. तोफांइतकाच जमीनदारही निर्णायक होता.

इंग्लंडात डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५७ साली लेस्टरशायरमधील विग्स्टन या एका खेड्यावर ‘द मिडलंड पेझंट’ हा ग्रंथ लिहिला. त्यात राजे जवळजवळ नाहीत; मृत्युपत्रे, घरातील जिनसांच्या याद्या व जमिनीचे कागद यांवरून शेतकऱ्यांची अनेक शतके उभी केली आहेत. सामायिक शेते वाटून कुंपणे घालण्याचा प्रसंग त्या गावावर आला तो १७६० च्याच दशकात. पानिपतच्या खेड्याचे त्याच दशकातील चरित्र आमच्यापाशी नाही.

साधने मात्र आहेत. इरफान हबीब यांचा मोगल काळातील शेतीव्यवस्थेवरील ग्रंथ १९६३ पासून उपलब्ध आहे. त्यातील खुदकाश्त आणि पाहीकाश्त वाचताना मराठी वाचकास आपले मिरासदार व उपरी आठवल्यावाचून राहणार नाहीत. डेन्झिल इबेट्सन या जमाबंदी अधिकाऱ्याचा पानिपत तहसील व कर्नाल परगण्यावरील अहवाल १८८३ चा. तो एकशेवीस वर्षांनंतरचा असल्याने जपून वाचला पाहिजे, पण गावचे पान्ने, ठोले, भाईबंदांचे हिस्से हे सारे त्यात आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी सरकारी नोकरीच्या अनुभवातूनच १९१५ साली ‘गावगाडा’ दिला. दप्तर आणि शिवार दोन्ही पाहिलेल्या माणसाचे ते पुस्तक आहे.

म्हणून हे आम्ही दिल्लीकर मराठी वाचकांपुढे मांडत आहोत. पानिपत येथून नव्वद किलोमीटरांवर आहे. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे पडले तो बुराडी घाट तर शहराच्याच हद्दीत आहे. पुण्यात बसून जे दिसणे कठीण ते येथे राहणाऱ्यास दिसते, आणि महसुली कागद कसा वाचावा हे आपल्यापैकी अनेकांस नोकरीनेच शिकविले आहे. आपल्या मृतांचे स्मरण आम्ही अडीचशे वर्षे केले, ते योग्यच केले. त्या हिवाळ्यात ज्यांच्या कणग्या रिकाम्या झाल्या त्यांची नोंद मराठीत होईल तेव्हाच पानिपतचे वाङ्मय पूर्ण झाले असे आम्ही म्हणू.