कापसाचा बोळा आणि पळून जाणारे विष

गोड्या पाण्यातील शैवालाला एखादे रसायन किती घातक आहे, हे ठरविण्याची जगभर मान्य पद्धत म्हणजे 'ओईसीडी' या संघटनेची २०१ क्रमांकाची चाचणी. ती १९८४ साली ठरली, २००६ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. पोषक द्रावणात एकपेशीय हिरवे शैवाल सोडायचे, निरनिराळ्या चंबूंत रसायनाचे प्रमाण चढते ठेवायचे, ७२ तास उजेडात हलवत ठेवायचे आणि पेशी मोजायच्या. वाढीचा वेग निम्म्यावर आणणारी संहती म्हणजे त्या रसायनाचा 'ईसी ५०'. या कामी हमखास वापरले जाणारे चंद्रकोरीच्या आकाराचे शैवाल १९५९ साली नॉर्वेतील निटेल्वा नदीतून मिळविलेले आहे. (त्याचे शास्त्रीय नाव इतक्यांदा बदलले आहे, की जुने व नवे निबंध ताडून पाहणाऱ्याची तारांबळ उडावी.)

पाण्यात मुकाट्याने राहणाऱ्या क्षारांसाठी ही पद्धत उत्तम आहे. आमचा आक्षेप आहे तो टोल्यूइन किंवा ट्रायक्लोरोइथिलीन यांसारख्या बाष्पनशील द्रव्यांना तीच पद्धत जशीच्या तशी लावण्याला. शैवालाला कार्बन डायऑक्साइड मिळावा म्हणून चंबूच्या तोंडाशी कापसाचा बोळा असतो. ज्या वाटेने कार्बन डायऑक्साइड आत येतो, त्याच वाटेने विष बाहेर जाते!

थोडे गणित करू. २५ अंश सेल्सिअसला, समतोल साधल्यावर, हवेतील टोल्यूइनची संहती पाण्यातील संहतीच्या सुमारे ०.२७ पट असते. २५० मिलिलिटरच्या चंबूत १०० मिलिलिटर द्रावण घेतले, तर वर १५० मिलिलिटर हवा उरते. म्हणजे घट्ट बूच लावले तरी जवळजवळ २९ टक्के टोल्यूइन पाणी सोडून हवेत जाते. बुचाऐवजी कापूस असेल, तर ही गळती थांबतच नाही.

येथे विद्यार्थ्यांची एक गल्लत होते. टोल्यूइन १११ अंशांना उकळते, ॲसिटोन ५६ अंशांना. तेव्हा पाण्यातून ॲसिटोन आधी उडेल असे वाटते. प्रत्यक्षात ॲसिटोन पाण्याशी इतके सलगीने मिसळते, की हवेतील त्याची संहती पाण्यातल्या संहतीच्या हजारात एक-दोन भागच भरते. नुसता उत्कलनबिंदू पाहून भागत नाही.

विष उडाले की शैवाल पुन्हा वाढू लागते. अहवालात मात्र चंबूत 'घातलेली' संहती छापली, तर ईसी ५० फुगतो आणि रसायन आहे त्यापेक्षा सौम्य ठरते. नदीत काय व किती सोडता येईल, याचा विचार अशाच आकड्यांवरून होत असतो.

सुधारित आवृत्तीला याची जाणीव आहे. संहती २० टक्क्यांहून अधिक ढळली, तर मोजलेल्या संहतींची भूमितीय सरासरी धरावी, असेही ती सांगते. आम्हाला हा उपाय अर्धाच वाटतो. आरंभी ८ आणि अखेरीस ०.५ मिलिग्रॅम असेल तर सरासरी २ येते; पण पहिल्या दिवशी गुदमरून नंतर सावरलेले शैवाल आणि तिन्ही दिवस २ मिलिग्रॅममध्ये राहिलेले शैवाल यांची कहाणी एक नव्हे.

मग बाटली काठोकाठ भरून बंद का करू नये? कारण आता शैवालाचा कार्बन तुटतो. तो संपत आला की द्रावणाचा सामू चढतो आणि विष नसतानाही वाढ मंदावते. डेन्मार्क व नेदरलँड्समधील संशोधकांनी २००० साली यावर तोडगा प्रसिद्ध केला : बाटल्या पूर्ण भरायच्या, द्रावणात बायकार्बोनेट व कार्बन डायऑक्साइड वाढवायचा आणि आरंभी पेशी थोड्याच सोडायच्या. आमच्या मते बाष्पनशील द्रव्यांसाठी हाच मार्ग मूळ नियम असावयास हवा, अपवाद नव्हे. त्यात बाटल्या जास्त लागतात, कारण एकदा उघडलेली बाटली बाद होते. पण तो खर्च परवडणारा आहे.

टोल्यूइन शाळेत आणू नये. बंद बाटलीची अडचण मात्र विषाशिवायही दाखविता येते. तळ्यातील हिरवे पाणी दोन बाटल्यांत काठोकाठ भरा, ब्रोमोथायमॉल ब्ल्यूचे काही थेंब टाका, बुचे लावा आणि एका बाटलीला काळा कागद गुंडाळून दोन्ही खिडकीच्या उजेडात ठेवा. काही तासांनी कागद काढून दोन्हींचे रंग शेजारी शेजारी पाहावेत.