मोराची पाळी, भीमाची गदा

रायपूरहून दुर्गकडे जाताना खारून नदी ओलांडली की थोड्याच वेळात कुम्हारी येतं. या पट्ट्यात मराठी माणसं दोन लाटांनी आली. काही नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासूनची, काही १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली त्या सुमारास नोकरीसाठी आलेली. अशा घरात आजीचं मराठी ठणठणीत असतं, नातवंडांची शाळा हिंदी नाहीतर इंग्रजी, आणि गल्लीत खेळायची भाषा छत्तीसगढी. सगळ्यांनी मिळून ऐकायचं गाणं निवडताना इथे वयाच्या अंतराबरोबर भाषेचं अंतरही आड येतं. शब्द निम्मेच कळले तरी गाण्यानं सगळ्यांना धरून ठेवलं पाहिजे.

म्हणून पहिलं नाव ‘नाच रे मोरा’चं. ऐकून ऐकून गुळगुळीत झालंय, मान्य. स्नेहसंमेलनांनी त्याचं पार मातेरं केलंय, तेही मान्य. तरी मूळ ध्वनिमुद्रण लावून बघा. ‘देवबाप्पा’ हा चित्रपट १९५३चा, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल पु. ल. देशपांड्यांची, आवाज आशा भोसल्यांचा. गदिमा आणि पु. ल. दोघेही १९१९चे, म्हणजे तिशी ओलांडलेले. गायिका जेमतेम विशीची. तिघांपैकी कुणीही मुलांसाठी म्हणून खाली वाकलेलं नाही. आशाबाई बोबडं गात नाहीत, आवाज चोरून बारीक करत नाहीत. स्वच्छ, भरल्या गळ्यानं गातात आणि खट्याळपणा येतो तो शब्दांच्या फेकीतून. मुलांना आपली नक्कल केलेली लगेच कळते आणि मोठ्यांना तिचा कंटाळा येतो, त्यामुळे या आवाजापाशी दोघंही थांबतात.

आता रचना बघा. प्रत्येक कडव्यात आधी दोन लांब ओळी, मग दोन तोकड्या, यमकानं एकमेकींना धरलेल्या, आणि लगेच मोराला फर्मान. लांबीचा हा बदल म्हणजे उडी मारण्याआधी घेतलेली धाव आहे. अर्थ न कळणारं तीन वर्षांचं पोर नेमकं त्या तोकड्या ओळींवर उठून उभं राहतं, कारण आता काहीतरी होणार हे चाल त्याला सांगते.

आणि मोठ्यांसाठी? त्यांच्यासाठी चार कडव्यांत एक अख्खी सर येऊन जाते. पहिल्या कडव्यात वारा ढगांशी झुंजतो, आभाळात काळा कापूस पिंजला जातो, वीज टाळी देते. दुसऱ्यात धार लागते आणि झाडांची इरली भिजतात. तिसऱ्यात थेंब तळ्यात नाचतात नि पानांत वाजतात, चौथ्यात पाऊस थांबून इंद्रधनुष्य उमटतं. झाडाच्या शेंड्याला इरलं म्हणणारा कवी शेतात पावसाची वाट बघणाऱ्या गावातून आलेला आहे. कुम्हारीच्या मुलानं इरलं पाहिलं नसेल, पण गुरं राखणाऱ्या राऊताच्या डोक्यावरची बांबूची खुमरी या भागात ओळखीची आहे. तेवढी दाखवली की काम झालं.

याहून सूक्ष्म एक गोष्ट मला अलीकडे जाणवते. सुरुवातीला मोराला नुसतं सांगणं आहे: आता तुझी पाळी. दुसऱ्या कडव्यात बोलणारा स्वतःही भिजायला नि गायला तयार होतो, तिसऱ्यात दोघांचा खेळ सुरू होतो आणि शेवटी त्यांची जोडी जमते. हुकमानं सुरू झालेलं गाणं सोबतीपाशी पोचतं, आणि तेही पाऊस संपल्यावर. मुलांना हे सांगायची गरज नाही. तोवर ती आजीचा हात ओढत असतात.

‘सांग सांग भोलानाथ’ची वाट निराळी. पाडगांवकरांच्या शब्दांना चाल मीना खडीकरांची, आणि गाणारी खरोखरीची मुलं: त्यांचीच योगेश आणि रचना, जोडीला शमा खळे. तिथे मोठी माणसं हसतात ती नंदीबैलापुढे मांडलेल्या बिलंदर प्रश्नांना. छान आहे, पण त्याला मराठी नीट कळावं लागतं. ‘गीतरामायण’ मात्र या बैठकीला नको. छप्पन्न गीतं एका दमात ऐकवू पाहणारे आजोबा मी पाहिलेत आणि त्यांच्या नातवंडांचे चेहरेही.

दुसरी निवड मी मराठीबाहेरची करीन. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाईंची पंडवानी. महाभारताची कथा छत्तीसगढीत, उभ्यानं सांगायच्या कापालिक शैलीत, एका हाती तंबुरा. ध्वनिमुद्रणात तंबुऱ्याची गदा झालेली दिसत नाही, पण आवाजात ती उचललेली ऐकू येते. गायन चालता चालता थांबतं, बोलणं सुरू होतं, बोलण्यातून एकदम भीमाची डरकाळी निघते आणि ती विरायच्या आत हार्मोनियम-ढोलकासकट गाणं पुन्हा धावायला लागतं. शेजारी रागी असतो, आपल्या पोवाड्यातल्या झीलकऱ्याच्या नात्याचा. पण तो नुसती साथ देत नाही. श्रोत्यांच्या वतीनं हुंकार देतो, मधेच काही विचारतो. मुलं सगळ्यात आधी त्यालाच पकडतात, आणि दोन-तीन प्रसंगांनंतर हुंकार घरातूनही यायला लागतो. इथे उलटी गंमत होते. छत्तीसगढी नातवाला कळते आणि आजीला कथा; दोघांनी मिळून प्रसंग पुरा करायचा.

दुःशासनवधाचा प्रसंग निवडावा. रक्तपात आहे म्हणून बिचकू नये. त्याच कथेत द्रौपदीचा संताप आहे आणि मोठी माणसं तिथे गप्प होतात. भर सभेत अपमान झालेल्या बाईचा राग एक बाई उभ्यानं गाते, हे त्यांच्या कानाला लागतं. मुलांचं सगळं लक्ष भीमाकडे असतं.

तीजनबाईंच्या चित्रफिती सहज मिळतात, पण त्या नंतर. आधी नुसतं ऐकवावं, आणि घरातल्या कुठल्या वस्तूची गदा करायची ते पोरांना ठरवू द्यावं. काचेचं सामान तेवढं आधी उचलून ठेवावं.