कुत्र्याची छत्री

आपल्या निसर्गलेखनावर माझा एक आक्षेप आहे. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ने (१९५६) झाडाफुलांकडे पाहण्याची दृष्टी दिली, पण भूछत्र दिसले की आपली लेखणी अजूनही ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून पुढे जाते. मिरजगावचा मुलूख पर्जन्यछायेतला. तरी चार सरी पडल्या की बांधावर, वारुळापाशी कितीतरी तऱ्हा उगवतात. नाव मात्र साऱ्यांना एकच!

उलट गोमंतकाची कोकणी पाहा. रोयण म्हणजे वारूळ; तिथली ती ‘रोयण-अळमी’. वाळवी वारुळात बुरशीची शेती करते, तिचेच हे पीक. नावातच पत्ता आला.

हा नुसता शब्दांचा शौक नव्हे. जिथे ओळख नाही, तिथे भाकडकथा शिरतात: चांदीचा चमचा काळा पडला नाही, किड्यांनी कुरतडले आहे, म्हणजे खुशाल खावे. दोन्ही खोटे. अमानिटाच्या काही जातींचे विष सहा तासांनी, कधी त्याहून उशिरा जाणवते आणि यकृत नासवते. खरी पारख देठाच्या बुडाशी, छत्रीखालच्या पापुद्र्यांत, रात्रभर कागदावर ठेवलेल्या छत्रीच्या ठशात असते. हिरवट ठसा बहुधा पोट बिघडवणाऱ्या क्लोरोफायलमचा. पण पांढऱ्यानेही निर्धास्त होऊ नये, अमानिटाचा ठसा पांढराच! जाणत्याने हवाला दिल्यावाचून काहीच पानात घेऊ नये.

लेखकांकडे मी पाककृती मागत नाही. त्यांनी वाकून पाहावे आणि वेगळ्याला वेगळे म्हणावे, एवढेच.