वृक्ष आधी की बाण आधी?

डोनाल्ड कनूथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाचा पहिला खंड १९६८ साली प्रसिद्ध झाला. तिसरी आवृत्ती १९९७ ची. त्यातील वृक्षांवरचा भाग संगणकशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी वाचावा, असे आम्हांला वाटते. (या वृक्षांचे मूळ वर असते नि फांद्या खाली वाढतात, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे!)

वृक्षाची व्याख्या मोठी नेटकी आहे. एक मूळ, आणि उरलेल्या बिंदूंचे शून्य किंवा अधिक सुटे गट. प्रत्येक गट पुन्हा वृक्षच. वृक्षाची व्याख्या वृक्षानेच केली, तरी ती गोल फिरत नाही. कारण गटातले बिंदू दर वेळी कमीच होत जातात. बायनरी ट्री हा या वृक्षाचा खास प्रकार नव्हे, हेही कनूथ बजावून सांगतात. बायनरी ट्री रिकामा असू शकतो, आणि त्यात एकुलते अपत्य डावे की उजवे यानेही फरक पडतो. पुष्कळ पाठ्यपुस्तके हा भेद गाळतात.

आमची तक्रार आहे ती क्रमाबद्दल. बिंदू आणि त्यांना जोडणारे बाण, म्हणजेच दिशायुक्त आलेख. टोपोलॉजिकल सॉर्टच्या निमित्ताने बाण आधी येऊन जातात. पण आलेखाची रीतसर व्याख्या मात्र वृक्षांच्या गणिती गुणधर्मांत, फार उशिरा भेटते. त्यामुळे वाचकाला जिकडेतिकडे वृक्षच दिसू लागतात.

वंशावळच घ्या. एखाद्याने मामेबहिणीशी लग्न केले, तर त्यांच्या मुलाला पणजी-पणजोबा आठ नसतात, सहाच असतात. वृक्ष काढायचा तर दोघांची नावे दोनदा लिहावी लागतात. माणशी एकच बिंदू ठेवला, तर फांद्या पुन्हा एकत्र येतात आणि वृक्ष मोडतो. उरतो तो चक्र नसलेला दिशायुक्त आलेख. चक्र नाही, कारण कोणी स्वतःचाच पूर्वज नसतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिहिलेल्या ‘गिट’मध्येही हेच दिसते. दोन शाखा जुळवून केलेल्या आवृत्तीला दोन पालक असतात.

म्हणून शिक्षकांनी २.२.३ नंतर थेट २.३.४ मधले पहिले दोन उपविभाग वाचावेत आणि मग मागे यावे. सरावप्रश्नांना ० ते ५० अशी काठिण्यश्रेणी दिलेली आहे. पहिल्या वाचनात विसापर्यंतचे पुरेत.