पाच रुपये बारा आणे आणि सत्तर रुपये

विनोदी चित्रपटांकडे आपल्या समीक्षेने बहुधा उपेक्षेनेच पाहिले आहे. पडणे, धडपडणे, दारामागे लपणे, एकाला दुसराच समजणे, यात विचार करण्याजोगे काय असणार, असा सर्वसाधारण समज. परंतु प्रत्येक हसवणूक कोणाच्या तरी अडचणीवर उभी असते. ती अडचण कोणी निर्माण केली, एवढे विचारले की हास्याच्या मागे दडलेला नीतीचा प्रश्न समोर येतो. भावाभावांच्या फजितीवर रचलेले दोन लोकप्रिय चित्रपट या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला, सत्येन बोस दिग्दर्शित 'चलती का नाम गाडी' (१९५८). मूळचे खांडव्याचे अशोककुमार, अनूपकुमार आणि किशोरकुमार हे सख्खे भाऊ यात मोटारदुरुस्तीचे गॅरेज चालवणारे तीन भाऊ झाले आहेत. पावसाळी रात्री एक तरुणी (मधुबाला) नादुरुस्त मोटार घेऊन येते आणि घाईत मजुरी न देताच निघून जाते. रक्कम अवघी पाच रुपये बारा आणे. धाकटा मनमोहन ती वसूल करायला जातो आणि प्रेमात पडतो. पुढे राजघराण्याचा आव आणून श्रीमंत मुलीची संपत्ती लाटू पाहणारी टोळी येते आणि धावपळ, मारामारी यांना ऊत येतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या भावांचे हात तेलाने काळे आहेत, पण पापाने नव्हेत. गुन्हा सर्वस्वी बाहेरच्यांचा आहे. त्यामुळे प्रेक्षक निर्धास्तपणे हसतो. मात्र या घरातली खरी अडचण टोळीची नाहीच. थोरला ब्रिजमोहन एका जुन्या प्रेमभंगामुळे समस्त स्त्रीजातीवर रुष्ट आहे आणि आपली जखम त्याने धाकट्यांसाठी कायदा करून ठेवली आहे. अनेक घरांत असे घडते. ज्येष्ठाचे दुःख हीच घराची शिस्त होऊन बसते. चित्रपट हा प्रश्न सोडवतो तो खलनायकाकरवी. सारा गैरसमज त्या टोळीच्या माथी जातो आणि थोरल्या भावाला धाकट्यांपुढे आपली चूक कबूल करावी लागत नाही. एवढा एक कमकुवत दुवा सोडला, तर चित्रपट आजही ताजा वाटतो.

दुसरा चित्रपट बरोबर तीस वर्षांनंतरचा. सचिन पिळगांवकर दिग्दर्शित आणि वसंत सबनीस यांच्या लेखणीतून उतरलेला 'अशी ही बनवाबनवी' (१९८८). त्याची कथाकल्पना हृषीकेश मुखर्जी यांच्या 'बीवी और मकान' (१९६६) या हिंदी चित्रपटावरून घेतलेली, पण तिचे पुणेरीपण अस्सल आहे. धनंजय माने (अशोक सराफ), त्याचा धाकटा भाऊ शंतनू (सिद्धार्थ रे) आणि त्यांचे दोन मित्र निवाऱ्यासाठी वणवण करतात. लीलाबाई काळभोर यांच्या घरी जागा मिळते, पण केवळ विवाहितांना. मग सुधीर आणि परशा हे दोघे मित्र लुगडी नेसून या भावांच्या 'बायका' होतात.

येथे फसवणूक बाहेरून आलेली नाही. ती भावांनीच केली आहे. पहिल्या घरमालकाकडून धनंजयने मधुमेहाच्या औषधासाठी म्हणून सत्तर रुपये उकळलेले असतात, आणि त्या बिचाऱ्याचे नाव विश्वास सरपोतदार! एका चित्रपटात घामाचे पाच रुपये बारा आणे मागत फिरणारा कारागीर, तर दुसऱ्यात विश्वासाचे सत्तर रुपये गिळून निरागस चेहऱ्याने उभा राहणारा भाडेकरू. तरीही मला दुसरा चित्रपट अधिक धीट वाटतो. परक्या दुर्जनाला हसणे सोपे असते. आपल्यातल्या लबाडीला हसणे अवघड. शिवाय असत्याची किंमत तो दाखवून देतो. एक खोटे झाकायला दुसरे, दुसऱ्याला तिसरे, आणि विवाहाचे सोंग घेतलेल्या या तरुणांना खऱ्या प्रेमाचा उच्चार करण्याची चोरी. सारी गंमत या कोंडीतून निर्माण होते.

उणीव आहे ती शेवटाची. सोंग उघडे पडते, क्षमा मिळते, सारे गोड होते. पण ज्या अटीमुळे सोंग घ्यावे लागले, ती अट मात्र कोणीही तपासत नाही. अविवाहित म्हणजे अविश्वासार्ह, हे गृहीत तसेच राहते. असत्य आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहते, पण असत्याला भाग पाडणारा नियम प्रेक्षकांतच बसून हसत असतो.

हा प्रश्न केवळ पुण्याचा नाही. शिरूर अनंतपाळसारख्या गावातून दोन भाऊ शिक्षणासाठी लातूरला जातात, तेव्हा खोली दाखवण्यापूर्वी त्यांना लग्न, आडनाव, जात, धर्म असे काहीही विचारले जाऊ शकते. खरे सांगावे तर दार बंद, खोटे सांगावे तर मन खाते. या चित्रपटावर आपण पोट धरून हसलो आहोत, आणि पुन्हा लागला तर पुन्हा हसू. परंतु आपल्या घराची एखादी खोली भाड्याने देताना आपण समोरच्या मुलाला कोणता प्रश्न विचारतो, आणि त्यामुळे त्याला खरे बोलणे परवडते का, हेही एकदा पाहावे. धनंजय माने जन्मतः लबाड नव्हता. त्याला केवळ राहायला जागा हवी होती.