रग्बी लीगमधील स्पर्धात्मक समतोल : क्लब आणि राष्ट्र

रग्बी लीगमध्ये समतोल राखण्याची जबाबदारी क्लब पातळीवर नियमांनी घेतली आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर मात्र ती खेळाडूंवरच येऊन पडते. ऑस्ट्रेलियातील एनआरएल स्पर्धेत प्रत्येक क्लबच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा आहे. तिचा भंग केल्यामुळे २०१० मध्ये मेलबर्न स्टॉर्मची २००७ व २००९ ची विजेतेपदे काढून घेण्यात आली. याउलट १९५४ ते २०२२ या काळात विश्वचषक ऑस्ट्रेलिया, ग्रेट ब्रिटन व न्यूझीलंड या तीनच संघांनी जिंकला. २०१७ मध्ये जेसन तौमालोलोने न्यूझीलंडऐवजी टोंगाची निवड केली आणि टोंगाने न्यूझीलंडला २८-२२ असे नमविले. हा बदल स्वागतार्ह असला तरी तो वैयक्तिक निर्णयावर अवलंबून आहे. लहान राष्ट्रांना नियमित सामने व समान मानधन यांची हमी मिळाल्याखेरीज त्यास न्याय्यता म्हणता येणार नाही.